कलास्वाद आणि ओळंब्याची दोरी

मी कमी बोलते. इतकी कमी, की निकाहाच्या वेळी शेखसाहेबांना 'कबूल आहे का' हे दोनदा विचारावं लागलं, आणि दुसऱ्यांदा आईने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे माझ्या तोंडून 'हो' निघालं. (नवरा पसंत नव्हता असं नाही. प्रश्न इतका सोपा होता की त्यात काहीतरी खोच असेल असं मला वाटलं.) कमी बोलणाऱ्याचा एक फायदा असतो: लोक त्याला शहाणं समजतात. तोटा असा, की थोड्याच दिवसांत त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसतो.

माझा बसला होता. म्हणून तर मी ते पुस्तक विकत घेतलं.

सार्वजनिक बागेच्या कठड्याशी जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्याकडे ते पडलेलं होतं. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. नाव 'कलास्वाद: सोपी ओळख'. आधी चित्रं, मग पुतळे, मग इमारती, मग कविता आणि अगदी शेवटी संगीत.

"हे वाचून काही कळायला लागतं का?" मी विचारलं.

"बाई, आजवर ज्यांनी ज्यांनी नेलं त्यांनी परत आणून दिलं," पुस्तकवाला म्हणाला. "कळल्याशिवाय का कोणी परत आणेल?"

मला हे पटलं. (आता लिहिताना पटत नाही, पण त्या दिवशी ऊन फार होतं.)

पुस्तक नज्मीसाठी होतं. नज्मी माझा नवरा. म्युनिसिपालटीत भूमापक आहे. कुठल्याही भिंतीकडे नुसतं बघून ती किती वाकडी आहे ते तो सांगतो, आणि ती कोणाच्या वशिल्याने वाकडी बांधली तेही. फक्त गाणं म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर, परक्या गावात पत्ता विचारणाऱ्या माणसाचे भाव येतात. आता आमच्या हलब शहरात गाणं न कळणारे नसतील असं नाही, पण ते हाज बक्रींचे मुलगे नसतात.

हाज बक्री म्हणजे माझे सासरे. धंदा पिस्त्यांचा, पण त्यांना पिस्त्यांसाठी कोणी ओळखत नाही, कानांसाठी ओळखतात. आमच्या गावात गाणारे पुष्कळ. ऐकणाऱ्यांची जात निराळी. सासऱ्यांच्या मंडळात मोजकी म्हातारी माणसं आहेत. बाहेरून आलेला गवई आधी त्यांच्यासमोर गातो आणि त्यांच्या माना हलल्या तरच पुढे तिकिटं छापायला टाकतो. त्या मंडळात गवयाच्या अगदी समोरची गादी सासऱ्यांची. तिथे बसणाऱ्याने पहिली दाद द्यायची. मग बाकीचे.

ही दाद कधी द्यायची ते सासऱ्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, मी काही न विचारता.

"हे बघ पोरी, गाणं आपल्या घरातून निघतं. गाव फिरतं. बाजार बघतं, कोणाशी भांडतं, कुठे थबकतं. आणि मग घरी परत येतं. त्याचं पाऊल उंबऱ्यावर पडलं, की 'अल्लाह'. गल्लीच्या तोंडाशीच म्हणालीस तर तू उतावळी. ते चहा प्यायला बसल्यावर म्हणालीस तर तू ठोंबी. गाणाऱ्याचा सूर चुकला तर माफ करावा, बिचाऱ्याला सर्दी असेल. ऐकणाऱ्याला सर्दीची सबब नाही."

"बरं अम्मो," म्हणजे 'बरं काका', असं मी म्हणाले. त्यावर ते सासूबाईंना म्हणाले, "पोरीला समज आहे." (मी 'बरं' म्हटलं की लोकांना तसं वाटतं.)

तर या सासऱ्यांचे गुडघे यंदा संपावर गेले. मंडळ दर शुक्रवारी दुपारी कोणा ना कोणाच्या घरी भरतं, आणि हलबमधली जुनी घरं जिन्यांनीच बांधलेली आहेत. गादी रिकामी ठेवता येत नाही. एक तर ती मुलाकडे जाणार, नाहीतर पुतण्याकडे.

पुतण्या म्हणजे मुन्झिर. साबणाचा व्यापारी. खिशात रेशमी रुमाल, रुमालाला अत्तर, आणि गाणं रंगात आलं की डोळ्यांना रुमाल. सासूबाई म्हणतात, "साबणवाल्याच्या डोळ्यात पाणी यायला काय लागतं?" पण मुन्झिर आला की सासरे उगाच भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि गेला की नज्मीकडे न बघता म्हणतात, "गादी माझ्या बापाची होती." एवढंच. पुढे काही नाही. नज्मीला त्या रात्री जेवण जात नाही.

कारण नज्मीचा इतिहास वाईट होता. लहानपणी एका बैठकीत, उस्ताद वहीद गाण्याच्या अगदी नाजूक वळणावर असताना त्याने जोरात टाळी वाजवली होती. डास मारला होता. उस्तादांनी ऊद, म्हणजे मांडीवरचं तंतुवाद्य, खाली ठेवलं आणि आपल्या चपला मागितल्या. उस्ताद रागावले की बोलत नाहीत, चपला मागतात. तेव्हापासून नज्मीला बैठकीत नेणं बंद झालं. (डास मेला होता, हे नज्मी अजून सांगतो.)

आणि आता सासऱ्यांनी जाहीर केलं: पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी मंडळ आपल्याकडे, गायला उस्ताद वहीद, आणि समोरच्या गादीवर नज्मी. मंडळींना त्याचं ऐकणं ऐकू द्या. मग ठरवू.

म्हणून पुस्तक.

नज्मी कामाला पक्का आहे. त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं, 'चित्रासमोर मन रिकामे करून उभे राहावे.'

"तेवढी तयारी आहे माझी," नज्मी म्हणाला, आणि बैठकीच्या खोलीतल्या कॅलेंडरसमोर उभा राहिला. त्यावर बर्फाच्या डोंगराखाली एक तळं आहे.

सासूबाई दोनदा आत-बाहेर करून गेल्या. तिसऱ्यांदा थांबल्या. "आज मंगळवार आहे."

"तारीख नाही बघत, आई. तळं बघतोय."

"का? काय पडलं त्यात?"

"काही नाही. नुसतं बघतोय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नव्या सुनेच्या स्वयंपाकाने मुलाला काहीतरी झालंय, असा संशय मी त्या नजरेत वाचला.

पुतळ्यांचं प्रकरण आम्ही सोडून दिलं. इमारतींचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. 'दर्शनी भागाचे रसग्रहण समोरच्या बाजूने व निवांतपणे करावे,' असं पुस्तक म्हणत होतं. आमच्या समोर बेकरीवाल्या हागोपचं घर आहे, आणि त्याला खरोखर सुंदर दगडी बाल्कनी आहे. नज्मी खिडकीत खुर्ची टाकून बसला. बाल्कनीत हागोपची बायको सिराणूश धुणं वाळत घालत होती. सिराणूशबाई अंगाने भरलेल्या. नज्मीला त्या दिसल्याच नाहीत, आणि हे मी शपथेवर सांगते, कारण त्याचं सगळं लक्ष दगडी कंगोऱ्यांत होतं. हागोप खालून वर बघत होता, तोही त्याला दिसला नाही.

"नज्मी, काय बघतोयस रे?"

"वा, हागोप भाऊ. रोज समोर असून कधी नीट पाहिलंच नव्हतं."

"काय नीट पाहिलं नव्हतं?"

"किती भक्कम, आणि तरी डोळ्यांना जड वाटत नाही. जुनं काम ते जुनं काम."

त्या संध्याकाळी सासूबाईंना मोठं ताट भरून किब्बे, म्हणजे खिम्याचे तळलेले गोळे, घेऊन समोर जावं लागलं. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "सिराणूश रागावलेली नाही. हागोप आहे. ते पुस्तक मला दे, चुलीला लागेल."

मी घाईघाईने शेवटचं प्रकरण उघडलं. संगीत. त्यात सुरुवातीलाच लिहिलं होतं की संगीत प्रत्यक्ष ऐकूनच समजते, सबब येथे विस्तार करणे उचित नाही. पुढे छापखान्याचा पत्ता. संपूर्ण पुस्तकात नज्मीला उपयोगी पडेल असं एकच वाक्य होतं, आणि ते चित्रांच्या प्रकरणात: 'कलेत मोकळ्या जागेलाही अर्थ असतो.' ते त्याने पाठ केलं.

आणि इथे मी तोंड उघडलं. सगळ्या गोंधळाचं मूळ म्हणजे माझं हे तोंड उघडणं.

"मी सांगेन तुला," मी म्हणाले. "कुठे म्हणायचं ते मी सांगेन."

"तुला कळतं?"

"मला कळतं."

मला खरंच तसं वाटत होतं. माझा कान चांगला आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती. कोणी विचारलं नव्हतं एवढंच. शिवाय घरात उस्तादांच्या बैठकींच्या कॅसेटी होत्या, आणि मी दुपारी भाजी निवडताना त्या ऐकत आले होते. कुठे 'आह', कुठे 'अल्लाह', मला तोंडपाठ. (त्या कॅसेटींत समोरच्या गादीवरून सासऱ्यांचाच आवाज येतो, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.)

प्रश्न होता सांगायचं कसं. बैठक पुरुषांची, आम्ही बायका आतल्या खोलीत, मधलं दार बोटभर उघडं. नज्मीने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग गादीकडे. त्याच्या डोळ्यांत एकदम आत्मविश्वास आला. हे मोजमापाचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातून ओळंब्याची दोरी आणली. बारीक, पिळाची, न तुटणारी. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटापासून निघून, दाराच्या फटीतून, गालिच्याखालून, भिंतीच्या कडेने ती नज्मीच्या डाव्या घोट्यापर्यंत जाणार होती. त्याने तिचा नकाशाही काढला. एक झटका म्हणजे 'आह'. दोन म्हणजे 'अल्लाह'. तीन म्हणजे 'पुन्हा, उस्ताद, पुन्हा'.

सासरे दुपारी झोपले की आम्ही कॅसेट लावून तालीम करायचो. पहिल्या दिवशी मी इतक्या जोराने ओढलं, की नज्मीने 'आह' म्हणण्याऐवजी 'आई गं' म्हटलं. पण हळूहळू जमलं. तालमीच्या मध्येच एकदा सासूबाई आल्या. सुनेच्या हातात दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला मुलगा. त्यांनी शांतपणे पाहिलं.

"आमच्या वेळी दोरी दिसायची नाही," त्या म्हणाल्या. "पण बांधलंस ते बरं केलंस." आणि विणकाम घेऊन बसल्या. त्या आमच्या बाजूच्या झाल्या हे मला तेव्हा कळलं.

शुक्रवार उजाडला. चुलीवर भरल्या वांग्यांचं मोठं पातेलं, शेजारी सफरचंदासारख्या आंबट फळांचं मटण, ते सासूबाईंखेरीज कोणी शिवायचं नाही. वांगी माझी. सासरच्या मंडळींसमोर माझ्या हातची ही पहिलीच वांगी. मंडळी आली. जिना चढताना प्रत्येकाने अल्लाहचं नाव घेतलं, पण ती दाद नव्हती. मुन्झिर सगळ्यात आधी आला आणि गादीच्या इतक्या जवळ बसला, की ती त्याच्या दिशेने थोडी सरकलीच. सासरे खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात, चेहरा निकाल ऐकायला आलेल्या बापाचा. नज्मी गादीवर. डावा पाय जरा पुढे.

उस्ताद वहीद आले, बडीशेपेचा काढा प्यायले, आणि त्यांनी ऊदच्या तारांवरून हात फिरवला.

पहिलं गाणं माझ्या ओळखीचं. मी एक झटका दिला. बाहेर "आह" असा हलका, अगदी वेळेवर आवाज आला. फटीतून मला सासऱ्यांची मिशी दिसत होती. ती हलली. दोन झटके. "अल्लाह." मंडळीतून मागोमाग "अल्लाह, अल्लाह" अशी लाट आली. सासऱ्यांनी काठीवरचा एक हात काढून गुडघ्यावर ठेवला. मुन्झिरने रुमाल काढला होता, तो तसाच हातात राहिला.

"बरी ओढतेस," सासूबाई कुजबुजल्या.

मी फुगले. फुगलेला माणूस खाली काय चाललंय ते बघत नाही. मंडळीतले एक वजनदार गृहस्थ ऐसपैस झाले आणि बरोबर दोरीवर बसले. मी पुढचे दोन झटके दिले. ते गेले आणि त्यांच्याखाली अडकले. मी पुन्हा ओढलं. काही नाही. गाणं संपलं. उस्तादांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, त्याच क्षणी ते गृहस्थ पिस्ते घ्यायला पुढे वाकले, आणि अडकलेले सगळे झटके एकदम सुटले.

"अल्लाह," नज्मी म्हणाला. "आह. पुन्हा, उस्ताद, पुन्हा."

उस्तादांनी पेला खाली ठेवला. त्यांची नजर दाराजवळच्या चपलांकडे वळली. सासऱ्यांनी डोळे मिटले. मुन्झिर अतिशय दुःखाने, पण नीटनेटकं, रुमालामागे हसला.

आणि नज्मी म्हणाला, "उस्ताद, गाणं थांबलं तेव्हा कळलं ते किती भरलेलं होतं. कलेत मोकळ्या जागेलाही अर्थ असतो."

मी आतल्या खोलीत त्या निळ्या पुस्तकाची मनातल्या मनात माफी मागितली.

उस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हाज," ते म्हणाले, "तुझा मुलगा एक तर फार पुढे गेलाय, नाहीतर अजून निघालेलाच नाही. बघू या." त्यांनी ऊद पुन्हा मांडीवर घेतलं. "आता मी एक गातो, कुठेही न गायलेलं, आत्ताच सुचेल तसं. मी घरी पोहोचेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही. मी पोहोचलो हे ज्याला कळेल त्याने म्हणावं. गादी त्याची."

कुठेही न गायलेलं म्हणजे कॅसेटमध्ये नसलेलं.

उस्ताद निघाले. आधी आपल्याच अंगणात फिरल्यासारखे, मग दाराबाहेर, मग गल्ली, मग दुसरी गल्ली. मी दोरी बोटाला गच्च गुंडाळून घेतली आणि ऐकू लागले. थोड्या वेळाने मला कबूल करावं लागलं की ते कुठे आहेत याचा मला पत्ता नाही. एकदा वाटलं, आले. हात उचलला. तेवढ्यात बाहेर मुन्झिर गहिवरून म्हणाला, "अल्लाह."

उस्ताद थांबलेच नाहीत. त्याच सुरावरून वळून ते पलीकडच्या आळीत गेले. मंडळीतून कोणीतरी "च्" केलं. मुन्झिरने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

माझा हात हवेत तसाच राहिला. मीही तिथेच म्हणाले असते.

आता नज्मी एकटा उरला होता, आणि दोरीचं हे टोक माझ्याकडे होतं. मी पुन्हा कान लावणार, तेवढ्यात सासूबाईंनी नाक वर केलं.

"वास येतोय का गं?"

आला. वांग्यांचा.

"पाणी घातलं होतंस ना?"

घातलं होतं का? मी आठवू लागले. डाळिंबाचा रस घातला होता. पुदिना घातला होता. पाण्याचा तांब्या उचलला होता, आणि तेवढ्यात पहिला पाहुणा आला म्हणून खाली ठेवला होता. खाली ठेवला तो भरलेला की रिकामा? उस्ताद कुठल्या आळीत आहेत हे मी पार विसरले. पाहुणे इतके, वांगी इतकी, तळाची करपलेली काढली तर वरची कोणाला पुरतील, असा माझा हिशेब चालला होता, आणि एका हाताने मी सासूबाईंना खूण करत होते की तुम्ही जाऊन बघा.

आणि माझ्या बोटाला असा जबरदस्त हिसका बसला, की ते मुळासकट जातंय असं वाटलं.

"अल्लाह!" मी किंचाळले.

आयुष्यात मी इतक्या मोठ्याने काही बोलले नव्हते. निकाहात तर नाहीच. माझाच आवाज ऐकून मी गोठले. नवी सून, भर पुरुषांच्या बैठकीत, दाराआडून. सासूबाईंनी विणकाम तोंडावर धरलं.

मग बाहेर जो कल्लोळ उठला, तसा कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हता. सगळी मंडळी एका आवाजात "अल्लाह" म्हणत होती, आणि ते वजनदार गृहस्थ मांडीवर थापा मारत होते. उस्ताद पोहोचले होते. त्या क्षणीच. पाऊल उंबऱ्यावर.

"कोण म्हणालं ते?" उस्तादांनी विचारलं.

"मी," नज्मी बारीक, चिरक्या आवाजात म्हणाला. बायकोसाठी माणूस काय करेल आणि काय नाही.

"बेटा, डास मारलास तेव्हापासून मी तुझा आवाज ओळखतो. हा आवाज सुरात होता. तिकडून आला."

काठीचा आवाज दाराकडे येऊ लागला. सासरे स्वतः उठले होते. दार उघडलं. त्यांच्यासमोर मी, डोळ्यांत पाणी, बोट निळं, आणि बोटाला दोरी. त्यांनी दोरीकडे पाहिलं. तिच्यावरून त्यांची नजर फटीतून बाहेर, गालिच्याच्या कडेने, मुलाच्या घोट्यापर्यंत गेली. पिस्त्यांच्या व्यापाऱ्याला समजायला वेळ लागत नाही. आता आपल्याला माहेरी पाठवणार, असं मी धरून चालले. (आई कोपराने ढोसायला जवळ नव्हती.)

सासऱ्यांनी हळूच आपला पाय दोरीवर ठेवला, झग्याचा घोळ वरून सोडला, आणि मंडळींकडे वळून म्हणाले, "माझी सून आहे. हियाम."

"हिला कोणी शिकवलं?" उस्तादांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

"बघितलंत?" सासरे उस्तादांना म्हणाले. "दाखवत नाही."

गादी घरातच राहिली. ठरलं असं, की मंडळ यापुढे आमच्याकडेच भरेल, गादीवर नज्मी बसेल, मधलं दार आजपासून सताड उघडं राहील, आणि पहिली दाद दारातून येईल. मुन्झिर जाताना माझ्या सासऱ्यांच्या हाताला ओठ लावून म्हणाला, "काका, मीही तेच म्हणणार होतो, जरा पुढे." सासरे म्हणाले, "हो रे बाळा, तू म्हणालास. जरा आधी." वांगी तळाला लागली होती. मंडळींनी ती चाटूनपुसून खाल्ली आणि त्या करपट वासातही काही अर्थ असणार असं एकमेकांना सांगितलं.

पाहुणे पांगल्यावर मी स्वयंपाकघरात मिठाच्या पाण्यात बोट बुडवून बसले होते. नज्मी आला आणि समोर उकिडवा बसला.

"फार लागलं का? चुकून झालं गं."

"काय चुकून झालं?"

"पाय. आपोआप उडाला." तो जरा लाजला होता. "तुझा झटका येईल म्हणून मी वाट बघत होतो, आणि तू काही ओढेना. मग काय करणार, ऐकत बसलो. तो माणूस इतका लांब गेला होता ना, मला वाटलं चुकला. आमच्या कामात असं होतं. एका खुंटापासून मोजणी सुरू करायची, गल्ल्या, गच्च्या, लोकांची अंगणं, कुत्री, सगळं मोजत मोजत जायचं. मधेच वाटतं, गेलं सगळं, कुठेतरी हात चुकला. आणि मग एका कोपऱ्यावर वळतो आणि समोर आपलाच पहिला खुंट. हातभरही फरक नाही. तसा तो वळला, हियाम. अचानक आपल्याच दारात. माझ्या अंगावर काटा आला आणि पाय उडाला. तुला कुठे कळलं?"

मी बोट पाण्यात फिरवलं.

"साधारण तिथेच," मी म्हणाले.

सासरे दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. नज्मीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "दोरी सोडू नका." आणि गेले.

आम्ही सोडली नाही. फक्त तिची दिशा बदलली. आता नज्मी गादीवर बसून ऐकतो. डोळे मिटून, मोजणी केल्यासारखा. त्याचा पाय उडतो, माझ्या बोटाला हिसका बसतो, आणि मी दारातून 'अल्लाह' म्हणते. त्याला म्हटलं, तूच म्हण की. तो म्हणतो, "आवाज तुझा सुरात आहे." हागोपशीही समेट झाला; नज्मीने त्याला शिकवलं की बाल्कनीच्या कुठल्या कंगोऱ्याखाली उभं राहून बघावं, आणि आता तो स्वतःच्याच घराकडे रस्त्यात थांबून बघत बसतो. गावात माझ्या कानाची कीर्ती झाली आहे. नव्या सुना विचारायला येतात की ऐकायला कसं शिकावं. मी काही बोलत नाही. त्या समाधानाने परत जातात.

मागच्या शुक्रवारी मात्र मला वाटलं, इतके दिवस ऐकतोय, आता आपल्यालाही कळायला हवं. उस्ताद गल्लीतून परतत होते. मला अगदी स्पष्ट दिसलं, हे दार, हा उंबरा. हिसक्याची वाट न बघता मी म्हणाले, "अल्लाह."

उस्तादांनी ऊद खाली ठेवलं आणि चपला मागितल्या.

सासरे जागचे हलले नाहीत. "बसा, उस्ताद, बसा," ते म्हणाले. "तो आवाज आमच्याकडचा नाही. समोरची सिराणूश. तिला गाण्यातलं काही कळत नाही."